हरवलेले अकरा फूट

पाटीवर चार ओळी लिहायच्या होत्या. काम एवढंच. आमच्या कचेरीच्या इमारतीला सव्वाशे वर्षं पूर्ण होत होती आणि दर्शनी भिंतीवर माहितीची एक पाटी लावा, असं वरून पत्र आलं होतं. बांधकाम कधी सुरू झालं, कधी संपलं, दगड कुठला वापरला, खोल्या किती आणि लांबी-रुंदी-उंची काय, बस्स. साहेबांनी पत्र माझ्या टेबलावर सरकवलं आणि म्हणाले, "हेडक्लार्क, तुमचं अक्षर चांगलं आहे, तुम्हीच करून टाका."

अक्षराचा आणि इमारतीच्या लांबीचा संबंध काय, असं मी विचारलं नाही. असे संबंध विचारणारे माझ्या बरोबरीचे दोघे अजून आवक-जावक विभागात तिकिटं चिकटवत बसलेत.

इमारत आहे मात्र भक्कम. काळ्या दगडाची, पुढे अकरा कमानींचा लांबलचक व्हरांडा आणि त्याला लागून एका ओळीत नऊ खोल्या. भिंती अडीच फूट जाड. छत इतकं उंच की पंखे लांब दांड्यांना टांगलेत, तरी वारा अर्ध्या वाटेतच दमतो. खिडक्या माणसाच्या डोक्याच्या वर सुरू होतात. कारकुनांनी बाहेर बघत बसू नये, असा बांधणाऱ्याचा हेतू असावा. पण त्यामुळे आम्ही एकमेकांकडे बघत बसतो, हे त्याच्या लक्षात आलं नसेल.

जुन्या नोंदवहीत वर्षं सापडली, दगडाची खाण सापडली, चुना किती दिवस मळायचा याच्या सूचनासुद्धा सापडल्या. रुंदी आणि उंचीही होती. लांबीच्या पानावर मात्र वाळवी लागली होती आणि तिनं आजूबाजूचं सगळं सोडून नेमका आकडा खाल्ला होता. तेव्हा लांबी मोजणं आलं.

मोजायला टेप हवी. टेप बांधकाम विभागाकडे, आणि बांधकाम विभाग आमच्याच आवारात, मागच्या शेडमध्ये. हाक मारली तर ऐकू येईल इतक्या अंतरावर. तरी अर्ज करावा लागला. अर्जावर शेरा पडला, की टेप कोणत्या कामासाठी हवी ते नमूद नाही. नमूद केलं, "मोजण्यासाठी." पुन्हा शेरा, काय मोजण्यासाठी? तिसऱ्या दिवशी टेप मिळाली, ती दोन तासांच्या बोलीवर, माझ्या सहीनिशी.

मदतीला कॅप्टन होता. कॅप्टन म्हणजे आमचा शिपाई. आग लागली तरी धावायचा नाही, बुडत्या जहाजावरच्या कप्तानासारखा जागेवरच, म्हणून त्याला सगळे कॅप्टन म्हणतात. त्यानं टेपची कडी खांबाला लावून धरायची आणि मी दुसऱ्या खांबाशी चकतीकडचा आकडा वाचायचा, अशी वाटणी ठरली. टेप शंभर फुटी होती, पण व्हरांड्यात बाकं, कपाटं आणि कामासाठी आलेली माणसं. एका दमात ताणणं शक्यच नव्हतं. म्हणून आम्ही एकेक कमान घेतली. पहिली एकोणीस फूट. दुसरी एकोणीस. तिसरी एकोणीस. अकराच्या अकरा कमानी एकोणीस फूट, इंचाचा फरक नाही! त्या काळच्या लोकांचा काटेकोरपणा बघून मला भरून आलं आणि ते मी कॅप्टनला बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, "आता सोडू का कडी?"

एकोणीस गुणिले अकरा, दोनशे नऊ फूट. आकडा लिहून मोकळं व्हायचं, तर माझी जुनी सवय आडवी आली. मी ताळा घेतल्याशिवाय कुठलाही आकडा वर पाठवत नाही. बाहेरून दोनशे नऊ भरले, तर आतून नऊ खोल्या आणि त्यांच्या भिंती मिळून तेवढेच भरायला हवेत. टेप तर परत गेली होती, आणि पुन्हा अर्ज करण्याची माझी ताकद नव्हती. दुसऱ्या दिवशी मी घरून बायकोची शिवणाची टेप नेली. ती पाच फुटी, त्यामुळे वेळ लागला आणि लोकांनी मापं काढणाऱ्या हेडक्लार्ककडे बघून घेतलं ते वेगळंच.

आतून भरले एकशे अठ्ठ्याण्णव.

मी पुन्हा मोजलं. एकशे अठ्ठ्याण्णव. जेवणाच्या सुट्टीत तिसऱ्यांदा मोजलं. तेवढेच. बाहेरून दोनशे नऊ आणि आतून एकशे अठ्ठ्याण्णव! म्हणजे मधले अकरा फूट कुठेतरी होते आणि सव्वाशे वर्षांत कुणाला दिसले नव्हते.

व्हरांड्याच्या पूर्वेच्या टोकाला भिंत लागते. त्या भिंतीत एक बंद कमान आहे. वरची गोलाई, बाजूचे खांब सगळं रीतसर, फक्त पोटात दगड भरलेले. रोज तिच्यासमोरून जाताना मला ती नक्षी वाटायची. त्या दिवशी मी तिच्यापुढे उभा राहिलो आणि मला ते दार दिसलं. दार बुजवलंय, म्हणजे आत खोली आहे.

त्या कमानीखाली टाइपरायटर घेऊन एक बाई बसतात. लोकांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, तक्रारी टाइप करून देतात. बावीस वर्षं तिथेच बसतात. टेबल त्यांचं, खुर्ची त्यांची. जागा कुणाची, हे कधी कुणी विचारलं नव्हतं. घरात मिळवणाऱ्या त्या एकट्याच. अर्ज घेऊन आलेल्या माणसाला आमच्या खिडकीवर अर्धा तास लागतो. त्याचं खरं म्हणणं काय आहे ते बाई दोन मिनिटांत काढून घेतात आणि पाच ओळींत बसवतात. माझीही पत्रं मी कधीमधी त्यांच्या नजरेखालून घालतो, पण हे साहेबांना सांगितलेलं नाही.

"काय बघताय हो इतकं?" बाईंनी विचारलं.

"तुमच्या मागे एक खोली आहे," मी म्हणालो.

"मग तिला सांगा, आवाज करू नकोस. सकाळपासून गर्दी आहे," असं म्हणून त्यांनी नवा कागद चढवला.

साहेबांना मी फक्त शंका म्हणून सांगितलं होतं. साहेबांनी ती अर्ध्या तासात शोध म्हणून वर कळवली. पत्राचा मसुदा मलाच करावा लागला, त्यात "या कार्यालयाच्या सतर्कतेमुळे" हे शब्द साहेबांनी स्वतःच्या हातानं घातले. फक्त एकच गोष्ट त्यांना खटकली. "आतलं माप शिवणाच्या टेपनं घेतलंत? सरकारी निर्णय शिवणाच्या टेपवर?"

हे मी घरी सांगायला नको होतं. बायकोनं शिलाई मशीन थांबवलं. "याच टेपवर मी दोन शाळांचे गणवेश शिवते. एका पोराची बाही तोकडी झालेली नाही. तुमच्या साहेबांना म्हणावं, आधी स्वतःच्या शर्टाची बटणं लागतात का बघा." मग तिनं मला उभं करून घरातलं जेवणाचं टेबल, दार आणि कपाट मोजायला लावलं, आणि प्रत्येक माप बरोबर आहे असं तीन वेळा म्हणवून घेतलं.

बातमी आमच्या राहत्या इमारतीत दोन जिन्यांतून एकाच वेळी वर चढली. वरच्या मजल्यावरचे निवृत्त प्राध्यापक चप्पल न घालताच खाली आले. त्यांच्या मते आत गुप्त दस्तऐवज असणार, आणि उघडताना मी नाकाला ओला रुमाल बांधावा, कारण कोंडलेली हवा विषारी असते. समोरचे वकील म्हणाले, की आत काहीही सापडलं तरी हात लावू नका, आणि काहीच सापडलं नाही तरी ते लेखी घ्या. माझा धाकटा मेहुणा फोनवर म्हणाला, "दाजी, तुम्हीच शोधलंय ना, मग पाटीवर तुमचं नाव घाला असं आत्ताच सांगून ठेवा. नंतर कुणी विचारत नाही." मी "छे, छे" म्हणालो. पण दाढी करताना त्या पाटीवर माझं नाव कुठे बसेल याचा विचार करत होतो, हे इथे कबूल करतो.

सोसायटीच्या वाचनालयात माझं भाषणसुद्धा झालं. विषय, 'दगडांशी संवाद'. सतरा माणसं होती.

मग वरून एक तज्ज्ञ आले. त्यांनी बंद कमानीवर बोटांच्या पेरांनी ठकठक केलं, कान लावला, डोळे मिटले आणि म्हणाले, "पोकळ वाटते." अडीच फूट दगडावर बोटानं वाजवून काय कळतं, हे मला कळलं नाही; पण ते माझ्याच बाजूनं बोलत असल्यामुळे मी मान डोलावली. भिंत उघडायला मंजुरी आली. पाहणीला खुद्द संचालक येणार, असंही कळलं.

अडचण आली ती मंजुरीच्या चौथ्या कलमात. भिंतीसमोरची जागा मोकळी करावी. साहेबांनी विचारलं, "तिथे त्या बाई बसतात त्या कुणाच्या परवानगीनं?" फायली काढल्या. बावीस वर्षांत परवानगी कुणी दिली नव्हती, कारण बाईंनी मागितली नव्हती, कारण मागावी लागते असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आधीच्या पाच साहेबांचे अर्ज त्यांनी टाइप केले होते, तेवढाच काय तो कागदोपत्री संबंध. दुपारी कॅप्टननं त्यांचं टेबल उचलून फाटकाजवळ सायकल स्टँडच्या पत्र्याखाली ठेवलं. आयुष्यात प्रथमच तो जरा घाईनं चालत होता, बहुतेक बाईंकडे बघावं लागू नये म्हणून.

पत्रा दुपारी तापायचा. वाऱ्यानं कागद उडायचे, म्हणून बाईंनी चार दगड गोळा करून ठेवले होते. लोक सवयीनं व्हरांड्याच्या टोकाशी जायचे, रिकामी कमान बघायचे आणि बाई गेल्या असं समजून दुसरीकडे वळायचे. मी रोज त्यांच्यासमोरूनच सायकल लावायचो. पहिल्या आठवड्यात त्यांनी विचारलं, "भिंत बघून झाली की मला परत बसू देणार ना?"

"म्हणजे काय! अर्थात," मी म्हणालो.

हे "अर्थात" मी साहेबांपुढे ठेवलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "हेडक्लार्क, जी परवानगी नव्हतीच ती परत कशी देणार? आणि नवी द्यायची तर व्हरांडा ही येण्याजाण्याची जागा आहे. नियमात बसत नाही." नियम मीच त्यांना काढून दिला होता. त्या दिवसापासून मी सायकल मागच्या शेडजवळ लावायला लागलो.

संचालक सोमवारी येणार होते. आदल्या गुरुवारी बांधकाम विभागाचा मिस्त्री भिंतीवर खुणा करायला आला. वय झालेला, कमी बोलणारा माणूस. हातात तीच टेप. मी वही घेऊन शेजारी उभा राहिलो. शोध माझा होता. त्यानं बंद कमानीच्या रुंदीला टेप लावली.

"लिहा सहा फूट."

मी चकतीकडे बघितलं. "अहो, सात आहे."

"टेपवर सात. कमान सहा."

"म्हणजे?"

"पहिला फूट तुटलाय की हिचा. चार वर्षं झाली. कडी एकच्या आकड्याला बसवलीय. जे येईल त्यातून एक वजा करायचा." त्यानं कडी माझ्यापुढे धरली. कडीला चिकटून स्वच्छ एकचा आकडा होता. "आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे."

"मला कुणी सांगितलं नाही!"

"तुम्हाला टेप पाहिजे होती. टेप दिली."

मी कॅप्टनकडे वळलो. "कॅप्टन, कडी तू धरली होतीस. तिथे एकचा आकडा दिसला नाही तुला?"

"दिसला ना," कॅप्टन म्हणाला. "मला वाटलं, पहिली कमान म्हणून एक."

"आणि दुसऱ्या कमानीला?"

"तेव्हा मी बघितलं नाही."

अकरा कमानी. दर कमानीला एक फूट. हिशेब करायला मला वहीसुद्धा लागली नाही. मी जवळच्या बाकावर बसलो. मिस्त्रीनं टेप गुंडाळली आणि मी न विचारताच सांगितलं, की इमारत पुढे वाढवायची होती, म्हणून या टोकाला कमान करून तात्पुरती भरून ठेवली. बाहेरच्या बाजूला एकाआड एक दगड दातांसारखे पुढे सोडलेत ते त्यासाठीच. नवी भिंत त्यांत गुंतवता यावी म्हणून. पुढे ती वाढवायची राहिली. "आत खोलीबिली काही नाही. उघडलीत तर पलीकडचं फाटक दिसेल," तो म्हणाला. "पण मंजुरी आली आहे, तर सोमवारी फोडतो."

मी गप्प बसलो असतो तर चाललं असतं. मिस्त्री कुणाला काही सांगणाऱ्यातला नव्हता, आणि कॅप्टनला काय झालं हे कळलंच नव्हतं. भिंत फोडल्यावर आत काही निघालं नाही, तर सव्वाशे वर्षांपूर्वीच्या माणसांवर ढकलता आलं असतं. ते खुलासा द्यायला येणार नव्हते. माझा 'दगडांशी संवाद' शाबूत राहिला असता. जाणार होती ती फक्त बाईंची जागा. मला लाज वाटली, आणि लाज वाटूनही मी संध्याकाळपर्यंत कुणाला काही बोललो नाही, याची आणखी वाटली.

घरी बायकोला सांगितलं. चूक शिवणाच्या टेपची नव्हती, सरकारी टेपची होती, इथपर्यंत मी आलो तेव्हा मला वाटलं, आता माझी धडगत नाही. तिनं टेप गुंडाळून डब्यात ठेवली आणि डब्याचं झाकण जरा जोरात लावलं. मग म्हणाली, "आधी त्या बाईंना सांगा. साहेबांना मग."

"आधी साहेबांना सांगायला हवं. रीतसर—"

"उन्हात साहेब बसलेत का?"

शुक्रवारी सकाळी मी सायकल स्टँडवर गेलो आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तुटलेला फूट, अकरा कमानी, सगळं. बाईंनी ऐकून घेतलं.

"म्हणजे खोली नाहीच."

"नाही."

"अठरा दिवस झाले मला इथे बसून."

"हो."

"तुम्ही ताळा घेतलात ना? मग दोन आकडे जुळले नाहीत तर दोन्ही तपासायचे असतात, हेडक्लार्क. तुम्ही आतला तीनदा तपासलात. बाहेरचा एकदाही नाही. कारण तो तुम्हाला आवडला होता." एवढं बोलून त्यांनी उडू पाहणारा कागद दगडाखाली सरकवला. "आणि माझी जागा?"

"बघतो," मी म्हणालो. एकतीस वर्षं लोकांना हा शब्द ऐकवत आलो होतो. खरंच बघायचं ठरवून तो पहिल्यांदाच म्हणालो असेन.

साहेबांनी माझी कबुली ऐकली, उठून दार लावलं आणि पुन्हा बसले. "वर कळवलंय. पाटी तयार होऊन आली आहे. तिच्यावर 'दहा खोल्या' असं आहे."

"आपण खरं काय ते कळवू साहेब."

"खोली नाही असं कळवायचं, तर आधी ती आहे असं का कळवलं हे कळवावं लागेल. सोमवारी संचालक काय बघणार? तुम्हाला?"

रात्रभर आणि सकाळभर मी ज्या गोष्टीचा विचार केला होता, ती मी तेव्हा पुढे केली. "साहेब, आपण अकरा फुटांची जागा सापडली असं कळवलंय. ती भिंतीच्या पलीकडेच आहे, असं कुठल्याच पत्रात लिहिलेलं नाही. मसुदे माझे आहेत, मी पुन्हा वाचून बघितले." आणि मी लिहून आणलेली टिप्पणी त्यांच्यापुढे ठेवली. ती मला अजून पाठ आहे. 'सादर करण्यात येते की, शोध लागलेली अकरा फूट लांबीची जागा ही भिंतीपलीकडे नसून भिंतीअलीकडे असल्याचे प्रत्यक्ष पाहणीत निष्पन्न झाले आहे. सदर जागेस दोन भिंती व एक कमान उपलब्ध असून उर्वरित बाजू लाकडी पार्टिशनद्वारे प्रस्तावित आहे. सदर जागा गेली बावीस वर्षे टंकलेखनासाठी अखंड वापरात असल्याने तिचा वापर तसाच चालू ठेवण्यास प्रत्यवाय नसावा. सबब भिंत उघडण्याची आवश्यकता उरत नाही.'

साहेबांनी ती दोनदा वाचली. दुसऱ्यांदा वाचताना त्यांच्या चेहऱ्यावर, खोटं कशाला बोलू, कौतुक होतं. सही करायला त्यांनी पेन उघडलं आणि मध्येच थांबले.

"बावीस वर्षं वापरात असलेली खोली नोंदवहीत नाही. वरून विचारतील. याचा खुलासा कुणी द्यायचा?"

इमारतीची नोंदवही माझ्या ताब्यात असते. हे साहेबांना माहीत होतं, आणि मला माहीत आहे हेही माहीत होतं. निवृत्तीला दहा महिने राहिले होते. माझ्या सेवापुस्तकात तोवर लाल शाईचा ठिपका नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्या पुस्तकाचा मला पोटच्या पोरासारखा अभिमान होता.

"मी देईन, साहेब," मी म्हणालो. साहेबांनी सही केली.

शनिवार-रविवार सुतार राबले. व्हरांड्याच्या टोकापासून बरोबर अकरा फुटांवर लाकडी पार्टिशन उभं राहिलं, त्याला दार बसलं, दारावर 'खोली क्र. १०' असा पत्रा लागला. मोजणी मिस्त्रीनं केली आणि एक वजा केला की नाही, हे मी त्याला चार वेळा विचारलं. चौथ्यांदा त्यानं टेपच माझ्या हातात दिली. कमानीच्या अंगाला गज बसवले, त्यामुळे उजेडही राहिला. सोमवारी संचालक आले. त्यांनी पार्टिशनवर हात फिरवला, बोटाला लागलेलं पॉलिश बघितलं आणि म्हणाले, "सव्वाशे वर्षांनंतरही लाकूड कसं नव्यासारखं आहे!" साहेब म्हणाले, "निगा राखतो, सर." पाटीवरचा पडदा दूर झाला. लांबीचा आकडा मी शनिवारीच बदलून घेतला होता. लांबी एकशे अठ्ठ्याण्णव फूट, खोल्या दहा. माझं नाव नव्हतं, आणि त्या दिवशी मला त्यात बरंच वाटलं.

बाईंना जागेच्या वापराचं पत्र मिळालं, जावक क्रमांकासह. बावीस वर्षांतला त्यांचा पहिला कागद. त्यांनी तो वाचून माझ्याकडे दिला. "दुसऱ्या ओळीत 'देण्यात' दोनदा पडलंय. नीट करून आणा, मग घेते." मी नीट करून आणला.

त्याच आठवड्यात माझी नोटीस आली. खोली क्रमांक दहाची नोंद बावीस वर्षं का घेतली नाही, याची कारणे सात दिवसांत दाखवावीत. खुलासा टंकलिखित हवा. आमच्या कार्यालयाचं यंत्र दुरुस्तीला गेलेलं. मी दहा नंबरच्या खोलीसमोर गेलो. दाराबाहेर चार माणसं रांगेत होती. मी सरळ दाराशी गेलो तेव्हा आतून आवाज आला, "रांगेनं, हेडक्लार्क." मी पाचवा उभा राहिलो.

माझा नंबर आला. खोलीत टेबल होतं, खुर्ची होती, समोरच्या माणसासाठी एक स्टूलसुद्धा आलं होतं. मी बसलो आणि दोन पानांचा मसुदा पुढे केला. बाईंनी तो शेवटपर्यंत वाचला.

"यात 'नजरचुकीने' आहे, 'अनवधानाने' आहे, 'तत्कालीन परिस्थितीमुळे' आहे. तत्कालीन परिस्थिती कोणती?"

"तसं लिहायची पद्धत असते बाई."

"ही फाईल कायम राहणार ना? माझ्या खोलीच्या कागदांबरोबर?"

"हो."

त्यांनी माझी दोन पानं बाजूला ठेवली, कोरा कागद चढवला, वर तारीख आणि विषय टाइप केला, एक ओळ सोडली आणि थोडंसं काहीतरी टाइप करून कागद ओढून काढला. मी वाचलं. 'चूक माझी आहे.' एवढंच होतं. सरकारी पत्रात इतकं लहान वाक्य मी आजवर पाहिलं नव्हतं. 'सबब'सुद्धा नव्हतं.

"बाई, हे फार उघडं वाटतं हो. निदान 'नम्रपणे कळवण्यात येते की' तरी घाला."

"खोटं आहे का यात काही?"

मी पुन्हा वाचलं. तीनच शब्द होते, तिन्ही तपासून बघितले. नव्हतं.

"मग सही करा," बाई म्हणाल्या, पेन माझ्यापुढे ठेवलं आणि माझ्या खांद्यावरून दाराकडे बघत हाक दिली, "पुढचे या."